सांगलीत मरणारे गोल्डफिश साताऱ्यात कसे जगतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. विश्रामबागेत फ्लॅट, हॉलमध्ये दोन बाय एक बाय एक फुटाची नवी टाकी, तीत आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश, वर काच साफ ठेवायला एक सकर मासा. महिन्याभरात पाच मासे गेले. दर आठवड्याला तुम्ही टाकी पूर्ण रिकामी करता, खडे-शिंपल्यांसकट घासता, बोअरचं ताजं पाणी भरता आणि दुकानदाराने दिलेले निळे थेंबही न चुकता टाकता. तरी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि दोन दिवसांत जातात. उलट साताऱ्यात बहिणीकडे कासच्या पाण्यावर तीन फुटी टाकीत दोन गोल्डफिश दोन वर्षं मजेत आहेत, आणि ती टाकीकडे फारसं बघतही नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की सांगलीचं पाणीच वाईट, की दुकानदार आजारी मासे देतोय.

मी सांगली-मिरजेत लोकांच्या घरच्या, दुकानातल्या आणि दवाखान्यांतल्या टाक्या लावून देतो आणि सांभाळतो. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे वेटिंग रूममधल्या टाक्याही भरपूर बघितल्यात. त्यावरून सांगतो, तुमच्या दोन्ही शंका अर्ध्याच खऱ्या आहेत. दुकानातून एखादा मासा खचलेला येऊ शकतो. पण पाच मासे एकाच पद्धतीने, वर येऊन धापा टाकत गेले असतील तर कारण टाकीतच आहे. बहिणीचं टाकीकडे फारसं न बघणं हाही तिचे मासे जगण्यामागचा एक भाग आहे. तुमच्याकडे काळजी कमी पडत नाहीये, ती चुकीच्या जागी पडतेय.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, बराचसा कल्ल्यांवाटेच. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू बसलेले असतात. पहिल्या दोन गोष्टी माशाला विषारी, तिसरी बरीच सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर आठव्या दिवशी सगळं नळाखाली घासून पांढरंशुभ्र करता, म्हणजे टाकीचा पहिलाच आठवडा पुन्हा पुन्हा सुरू होतो. वर ते निळे थेंब. ते बहुधा मिथिलिन ब्लू असतं. बुरशीवर वेगळ्या भांड्यात उपचार करायला ते ठीक, पण रोजच्या टाकीत टाकलं की उपयोगी जिवाणूही मारतं. पाणी निळं दिसतं, मालकाला औषध दिल्याचं समाधान मिळतं, एवढाच फायदा.

आता पाण्याकडे येऊ, कारण सांगली-साताऱ्याचा फरक इथे आहे, फक्त तुम्हाला वाटतो तिथे नाही. तुमच्या बोअरचा टीडीएस 850 आलाय आणि त्याने तुम्ही घाबरलाय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. त्यातून पाणी किती खारं किंवा जड आहे याचा अंदाज येतो, पण अमोनिया किती ते त्यात कळत नाही. जड पाणी गोल्डफिशला मारत नाही, ते त्यात चांगले राहतात. अडचण अशी की आपल्याकडे बोअरच्या जड पाण्याचा पीएच (पाणी आम्लाकडे झुकतं की अल्काकडे हे सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधलं) बहुतेकदा 8 च्या आसपास किंवा वर असतो, आणि अमोनिया किती विषारी ठरणार हे पीएच ठरवतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला शेकडा अर्धा भागच विषारी रूपात असतो. पीएच 8 ला तो शेकडा पाच-साडेपाच होतो आणि 8.5 ला पंधराच्या आसपास जातो. म्हणजे तेवढीच घाण बहिणीच्या मऊ पाण्यात मासे सोसून घेतात आणि तुमच्याकडे त्यांचे कल्ले जळतात. कासचं पाणी पठारावर साठलेलं पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. त्यात भर म्हणजे तिच्याकडे दोन मासे, तुमच्याकडे नऊ, आणि तिची टाकी मोठी व जुनी.

मऊ पाणी नेहमीच बरं असंही समजू नका. फार मऊ पाण्यात पीएच सांभाळणारे क्षार नसतात. टाकी महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर पीएच हळूहळू घसरतो आणि एक दिवस मासे सुस्तावलेले दिसतात. बहिणीला एवढं कळवा की बघू नकोस ते ठीक, पण आठवड्याला दोन बादल्या पाणी तरी बदल.

जागेचं गणित करू. दोन बाय एक बाय एक म्हणजे दोन घनफूट, साधारण 56 लिटर. खडे, सजावट आणि वरची मोकळी बोटभर जागा वजा केली की हातात उरतं 45 लिटरच्या आसपास. गोल्डफिशला पोट म्हणून वेगळा अवयव नसतो, अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणून तो सतत खात राहतो आणि सतत घाण करत राहतो. दुकानात तो दोन इंचाचा दिसतो, पण नीट वाढला तर वीतभर होतो. आठ सोनेरी-एक काळा ही वास्तूवाल्यांची जोडणी मी कित्येक घरांत पाहिलीय आणि तिच्यामुळे गोल्डफिशचं जितकं नुकसान झालंय तितकं कुठल्या रोगाने झालं नसेल. सासूबाई म्हणतात तसं “मासा गेला म्हणजे घरावरचं घेऊन गेला” हेही घरोघरी ऐकायला मिळतं. श्रद्धेवर मी काही बोलत नाही. पण या वाक्यामुळे मासा का गेला हे कुणी बघतच नाही, नवा आणून टाकतात.

आता जे चार मासे उरलेत ते वाचवायचे आहेत, तर हे आजपासून करा.

टाकी पूर्ण रिकामी करणं बंद. रोज साधारण दहा लिटर पाणी तळातून नळीने ओढून काढा आणि तेवढंच नवं भरा. सायफन लावताना नळीचं तोंड खड्यांत खुपसा, खालची घाण वर येताना दिसेल; पाणी स्वच्छ यायला लागलं की पुढच्या जागी सरका. एका दिवसात सगळा तळ उपसू नका, आज डावी बाजू, उद्या उजवी. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरायचा नाही. टाकीतून काढलेल्याच पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा हलका दाबा, पाणी चहाच्या रंगाचं झालं की परत बसवा. स्पंज तपकिरी, किंचित बुळबुळीत राहिला पाहिजे. तो पांढरा दिसला की समजा पुन्हा श्रीगणेशा.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं थेंबवालं किट आणा. कागदी पट्ट्यांपेक्षा ते बरं. दोन्ही शून्य येत नाहीत तोवर रोजचं पाणी बदलणं चालू ठेवा, आणि खाणं एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे भुकेले दिसतील. गोल्डफिश कायमच भुकेला दिसतो.

नायट्राइट चढलेलं दिसलं तर साधं खडे मीठ कामाला येतं. लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला 45 ग्रॅम, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून थोडं थोडं दिवसभरात ओता. मिठातल्या क्लोराइडमुळे कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरणं कमी होतं. मीठ आपोआप उडून जात नाही, म्हणून रोज टाकायचं नाही, जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच. आणि सांगली हळदीचं गाव आहे म्हणून टाकीत हळद टाकू नका, हे सांगावं लागतं, कारण टाकणारे भेटतात.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र किटमध्ये नाही, साताऱ्यात आहे. बहिणीच्या टाकीतला जुना स्पंज. तिच्याकडे दोन स्पंज असतील तर एक, नाहीतर एकाचा अर्धा तुकडा कापून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ओला स्पंज, त्यात अगदी थोडं टाकीचंच पाणी आणि बाकी हवा. पाण्याने पिशवी गच्च भरलीत तर जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. गाडीत उन्हात ठेवू नका. अडीच-तीन तासांचा प्रवास ते आरामात काढतात. घरी आल्यावर तो तुकडा तुमच्या फिल्टरमध्ये दाबून बसवा. दह्याला विरजण लावतो तसंच हे. सहा आठवड्यांचं काम दोन आठवड्यांवर येऊ शकतं. अट एकच, बहिणीच्या टाकीत सध्या कुठला रोग नसावा. जिवाणूंच्या बाटल्या बाजारात मिळतात, पण दुकानाच्या काचेत उन्हाळा काढलेल्या बाटलीत जिवंत काय उरलंय याचा भरवसा मी देत नाही.

दरम्यान पाणी दुधट दिसेल. नवख्यांचा धीर इथेच सुटतो आणि टाकी पुन्हा उपसली जाते. तो जिवाणूंचाच फुलोरा आहे, काही दिवसांत आपणहून बसतो. हिरवं झालं तर मात्र वेगळं: खिडकीचं ऊन येतंय किंवा दिवा जास्त वेळ चालू राहतोय. सहा-सात तास दिवा पुरे.

कोणतं पाणी वापरायचं? तुमच्या इमारतीत महापालिकेचं नळाचं पाणीही येतं असं तुम्ही लिहिलंय. तेच वापरा. कृष्णेचं पाणी बोअरपेक्षा बरंच हलकं असतं. त्यात क्लोरीन असतं, तेवढं काढावं लागतं. उघड्या तोंडाच्या बादलीत चोवीस तास ठेवा, एअर पंपाची नळी सोडून ठेवलीत तर आणखी बरं. घाई असेल तर हायपोचे, म्हणजे क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे थेंब, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की क्लोरीनचं प्रमाण वाढवलं जातं. नळ सोडल्यावर नाकाला वास झोंबला तर त्या दिवशी थेंब टाकल्याशिवाय पाणी वापरू नका. आणि बोअरवरून नळावर एका दिवसात उडी मारू नका. रोजचे दहा लिटर नळाचे गेले की आठवड्याभरात टाकी आपोआप बदलते, माशांना झटका बसत नाही.

आरओचं पाणी निव्वळ भरायचं नाही, त्यात क्षारच नसतात. पण ते एका कामाला फार चांगलं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटतं तेव्हा नुसतं पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. वरून पुन्हा बोअरचं भरत गेलं की महिन्या-दोन महिन्यांत पाणी आणखी जड होतं. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी कड दिसते ती हीच. आटलेलं भरायला आरओ, बदलायला नळाचं, असं वाटून घ्या.

शिंपले आणि पांढऱ्या संगमरवरी खड्यांबद्दल तुमच्या दुकानदाराने बरोबर सांगितलंय की ते पाणी जड करतात. एका खड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा, बुडबुडे आले की चुना आहे. पण तुमच्या आधीच्या जड पाण्यात ते फार विरघळतही नव्हते, त्यामुळे माशांच्या मरणाचा दोष त्यांच्यावर नाही. मऊ पाण्यात त्यांचा परिणाम जास्त. गणपतीपुळ्याहून मुलांनी आणलेले शिंपले फेकायची गरज नाही, स्वच्छ उकळून दोन-चार राहू द्या.

आता मुख्य निर्णय. या टाकीत गोल्डफिश पुढे ठेवायचेच असतील तर ते तात्पुरते. चार वाचले तर वर्षभरात त्यांना किमान चार फुटी टाकी लागेल. चार फुटी टाकी म्हणजे पाणी, काच, स्टँड धरून काही क्विंटलचं प्रकरण. ती भिंतीलगत, बीमच्या जवळ, पक्क्या स्टँडवर आणि खाली थर्माकोल घालूनच ठेवायची. तेवढी तयारी नसेल तर दोन मासे बहिणीकडे पाठवता येतील का बघा, बाकीचे मोठी टाकी असणाऱ्या कुणाला द्या. मी तुमच्या जागी असतो तर या दोन फुटीत गप्पी आणि प्लॅटी ठेवले असते. दोघांनाही जड पाणी आवडतं, म्हणजे नळाला पाणी आलं नाही आणि बोअरचं वापरावं लागलं तरी त्यांचं बिघडत नाही. गप्पी किती चिवट हे वेगळं सांगायला नको. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खातं तेच मासे विहिरी-हौदांत सोडतं. फक्त नर घ्या, नाहीतर दोन महिन्यांत शेजाऱ्यांना पिल्लं वाटत फिराल. आधी सहा, महिन्याने आणखी चार. निऑन टेट्रा, डिस्कस यांच्या मोहात बोअरच्या पाण्यावर पडू नका. फायटर ठेवायचा असेल तर गप्पींबरोबर नको, तो त्यांच्या शेपट्या फाडतो.

सकर परत करा. तो काच साफ करतो ही अर्धवट गोष्ट आहे. शेवाळ थोडं खातो, घाण भरपूर करतो आणि फूटभराहून मोठा होतो. दुकानदार घेत नसेल तरी त्याला कृष्णेत सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेचा मासा देशातल्या कित्येक तळ्यांत आणि नद्यांत पसरलाय, तिथल्या माशांची अंडी आणि जागा दोन्ही खातो. आयर्विन पुलावरून पिशवी रिकामी करणं हे पुण्य नव्हे.

सांगलीच्या हवेबद्दल दोन-तीन गोष्टी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दोन फुटी टाकी खोलीइतकीच तापते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम, 32 ला 7.3, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. काचेचं झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनानेच दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे खडे टाकायचे नाहीत, तापमान झपकन खाली जाऊन पुन्हा चढतं.

लाईट गेली की पॉवर फिल्टर थांबतो. बॅटरीवर किंवा पॉवर बँकवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. 2019 च्या पुरात गावात कित्येक भागांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती; ज्या टाक्यांत मासे कमी होते आणि मालकांनी खाणं पूर्ण बंद केलं होतं, त्या तगल्या. मगाने पाणी वरून ओतत राहणं हाही एअर पंपच.

आणि मच्छर. पावसाळ्यात हॉलमध्ये कॉइल, मशीन, फवारा हे सगळं चालतं. त्यातली बरीच औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशाला फार कमी मात्रेत मारतात, आणि एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. तुमचे मासे रात्रीतून गेले असं दोनदा घडलंय म्हणून हे मुद्दाम विचारतो: त्या रात्री फवारा मारला होता का? पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर टाकी ओल्या चादरीने झाका, पंप बंद करा आणि खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्यावरच सुरू करा. टाकीत स्पंज फिल्टर असेल तर पंपाची हवा गॅलरीतून घेता आली तर उत्तम.

दिवाळीत आठ दिवस गावी जायचंय, तेव्हा काय करू असं शेवटी विचारलंय. तोवर टाकी स्थिर झालेली असेल आणि मासे धडधाकट असतील तर आठ दिवस काहीही न घालता जा. मोठा मासा तेवढा उपास सहज काढतो. सुट्टीसाठी मिळणारे खाण्याचे पांढरे ठोकळे नकोत, ते विरघळून पाणी नासवतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दोन दिवस आधी नको तेवढं खाऊ घालू नका, दिव्याला टायमर लावा. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायचीच असेल तर डबा लपवून ठेवा आणि चिमूटभर खाण्याच्या दोन कागदी पुड्या बांधून तारखा घालून द्या. नाहीतर माशांची दया येऊन काकू अख्खा डबा संपवतात.